सारंगखेड्याचे घोडे, प्रकाशाची खापरं आणि एक क्लिक

मार्गशीर्ष पौर्णिमा आली की तापीकाठचं सारंगखेडा देशाच्या नकाशावर झळकतं. एकमुखी दत्ताचं दर्शन, मैलभर पसरलेली यात्रा आणि देशभर नावाजलेला घोडेबाजार. आता तर चेतक फेस्टिव्हलमुळे परराज्यांतले पर्यटकही हमखास येतात. पण या गावाच्या आजूबाजूला, तापीच्या दोन्ही काठांवर, हजारो वर्षांचा इतिहास मातीखाली पडून आहे. त्यातला बराचसा खणून, मोजून, लिहून झाला आहे आणि मोबाइलवर फुकट वाचता येतो, हे किती जणांना ठाऊक आहे? जुन्या वारशाची माहिती इंटरनेटवर कशी जाते, का जायला हवी आणि खानदेशाचा त्यात वाटा काय, याच्या या चटकदार गोष्टी. प्रत्येकीचा सांगावा एकच: जे लिहून सगळ्यांसमोर ठेवलं, ते टिकलं.

१. शेजारचं गाव साडेतीन हजार वर्षांचं!

सारंगखेड्यावरून तापी पश्चिमेला वाहत जाते आणि प्रकाशा गावी तिला गोमाई भेटते. ‘दक्षिण काशी’ म्हणून भाविक तिथे जातात, केदारेश्वराला हात जोडतात आणि परततात. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केलं. वस्तीचे चार कालखंड सापडले: सर्वांत खालचा साधारण इ.स.पू. १७०० च्या सुमाराचा आणि सर्वांत वरचा इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंतचा. खाली दगडी पाती, तांबं आणि माळवा व जोर्वे पद्धतीची रंगीत भांडी, त्यावर लोखंड वापरणाऱ्यांचा थर, मग सातवाहनांच्या काळापासून पुढची शतकं. सगळा उतारा एकाच टेकाडात! हेच थापर पुढे कालिबंगनच्या उत्खननात होते आणि सर्वेक्षणाचे महासंचालकही झाले.

२. तो अहवाल आज तुमच्या खिशात

प्रकाशाचा सविस्तर अहवाल ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकाच्या २० आणि २१ व्या जोड अंकात छापला गेला. पूर्वी तो पाहायचा तर पुणे-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आता सर्वेक्षणाचं ‘इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू’ हे १९५३-५४ पासूनचं वार्षिक स्कॅन होऊन इंटरनेटवर आलं आहे. त्याच्या १९५४-५५ च्या अंकात प्रकाशाची पहिली बातमी आहे. भारतात सरकारी प्रकाशनावरचा कॉपीराइट ६० वर्षांचा असतो, त्यामुळे १९५५ साली छापलेला मजकूर २०१६ च्या १ जानेवारीपासून सर्वांचा झाला. प्रकाशाच्या शाळेतल्या मुलांनी आपल्या गावाच्या उत्खननाची पानं फळ्याशेजारी लावली, तर त्यांना अडवणारं कुणी नाही.

३. शोधायचं कसं? ‘नंदुरबार जिल्हा’ टाकू नका!

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी हा भाग धुळे जिल्ह्यात, त्याआधी पश्चिम खानदेशात आणि १९०६ पूर्वी अखंड खानदेशात होता. जुन्या अहवालांत तीच नावं आहेत. म्हणून ‘धुलिया’ आणि ‘वेस्ट खानदेश’ हे शब्द टाकून पाहा. प्रकाशा तर इंग्रजीत शेवटच्या अक्षरासह आणि अक्षराशिवाय, असं दोन्ही तऱ्हांनी छापलेलं आहे. १८८० साली निघालेला ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ गॅझेटियरच्या मालिकेतला खानदेशाचा बारावा खंडही ऑनलाइन आहे. त्यात नद्या, पिकं, यात्रा, रस्ते, जातीजमाती, सगळ्यांच्या नोंदी आहेत. स्थळनावांचा हा घोळ जगभर आहे. त्यावर उपाय म्हणून ‘प्लेयाडीज’ नावाचा प्रकल्प प्राचीन जगातल्या प्रत्येक गावाला एक कायमचा क्रमांक देतो. नाव बदललं तरी क्रमांक तोच. आपल्या गावांनाही असा क्रमांक मिळाला, तर १८८० चं सारंगखेडा आणि आजचं सारंगखेडा संगणकाला एकच गाव म्हणून ओळखता येईल.

४. एका खापराचा बायोडेटा

फुटक्या मडक्याच्या तुकड्याची नोंद म्हणजे काय असते, ते जरा जवळून बघू. उत्खननात खापर हाती आलं की ते धुतात, सावलीत सुकवतात आणि त्यावर बारीक ब्रशने शाईत लिहितात: स्थळाची अक्षरं, वर्ष, ट्रेंचचा क्रमांक, थराचा क्रमांक. मग वहीत भरतात: खोली किती, काठाचा तुकडा की बुडाचा, चाकावर घडवलेलं की हाताने, भट्टीत नीट भाजलेलं की मधे काळसर राहिलेलं, रंगवलेलं असेल तर नक्षी कुठली. रंगाला नुसतं ‘तांबूस’ म्हणून चालत नाही. मन्सेल नावाचा रंगतक्ता शेजारी धरून ‘२.५ वायआर ५/६’ असं लिहितात. तोच तक्ता इंग्लंडमधल्या माणसाने उघडला, तरी त्याला तोच लाल रंग दिसतो.

आता गंमत बघा. छापील अहवालात जागा मर्यादित, म्हणून हजारो खापरांतली निवडक तेवढी चित्रात येतात. बाकीची वहीत आणि पोत्यात राहतात. ऑनलाइन प्रकाशनात ही अडचण नाही. सगळी वही, सगळे फोटो, सगळी मोजमापं तक्त्यात भरून ठेवता येतात. मग पुण्यातला विद्यार्थी प्रकाशाची खापरं इनामगावच्या खापरांशी घरबसल्या ताडून पाहू शकतो. अमेरिकेतलं ‘ओपन कॉन्टेक्स्ट’ नेमकं हेच काम करतं. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठात १९९६ पासून चालणारी ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’ ही अशा कामातली जुनीजाणती संस्था आहे.

५. सावळद्याचं मडकं, दायमाबादचा रथ

तापीकाठच्या सावळदे गावावरून एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं आहे: सावळदा संस्कृती. काळ साधारण इ.स.पू. २२०० च्या आसपास. या लोकांना भांड्यांवर बाणाची टोकं आणि हत्यारं रंगवायची भारी हौस. तशीच भांडी प्रवरेकाठच्या दायमाबादलाही सर्वांत खालच्या थरात मिळाली.

याच दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना झाडाच्या मुळाशी खणताना कांस्याच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त! मात्र त्या थरवार उत्खननातून आल्या नाहीत. त्यांच्याशेजारी कुठली खापरं होती, कोणता थर होता, याची नोंद नव्हती. म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला आणि धातूच्या रासायनिक तपासणीनंतरही तो पुरता मिटला नाही. वस्तू कितीही देखणी असो, ‘कुठे, कशाशेजारी, किती खोल’ या तीन प्रश्नांची उत्तरं हरवली की तिची निम्मी गोष्ट हरवते. एस. ए. साळी यांनी पुढे तिथे शिस्तीत उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

६. घोड्याचा साज, अडीच हजार वर्षांपूर्वीचा

सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांइतकीच गर्दी साजाच्या दुकानांपुढे असते. लगाम, मोहरक्या, गोंडे, घुंगरमाळा. या हौसेचा विदर्भातला एक जुना पुरावा थक्क करणारा आहे. नागपूरजवळच्या माहूरझरी इथे शां. भा. देव यांनी १९७०-७२ मध्ये शिलावर्तुळं खणली. लोहयुगातल्या त्या दफनांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले होते, तेही तांब्याचे शिरोभूषण लेवून! शेजारी लोखंडी लगामाच्या कड्या होत्या. नागपूर विद्यापीठाने १९७३ मध्ये अहवाल छापला. घोड्याला सजवण्याचा महाराष्ट्रातला हा शौक दोन-अडीच हजार वर्षांचा तरी आहे, हे आज पुराव्यानिशी सांगता येतं, कारण कुणीतरी ते मोजून, चित्रं काढून वेळेत छापलं.

७. डेटा दगडावर: पाटणचा शिलालेख

माहिती सगळ्यांसाठी खुली करण्याची रीत खानदेशाला नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८, म्हणजे इ.स. १२०६-०७ चा शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. त्या मठाला कुणी काय दान द्यायचं, हे दगडावर कोरलं गेलं. पंडितांसाठी संस्कृत मजकूर आणि देणाऱ्या-घेणाऱ्या सामान्य लोकांसाठी शेवटी मराठी ओळी!

डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. पुढे तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात आला आणि हा खंडही आज ऑनलाइन वाचता येतो. दगड, छापील पान, पडदा: एकाच मजकुराचे आठशे वर्षांत तीन मुक्काम झाले आणि प्रत्येक मुक्कामी वाचणारे वाढले.

८. खानदेशात शहामृग?

हो! चाळीसगाव तालुक्यातल्याच पाटणे इथे साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यांचे मणी सापडले. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. एका तुकड्यावर तर रेघांची नक्षीही कोरलेली. भारतात खरंच शहामृगं होती का, ही शंका बरेच दिवस होती. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह राजस्थान आणि मध्य प्रदेशात मिळालेल्या जुन्या कवचांतला डीएनए तपासून ती मिटवली. हा शोधनिबंध ‘प्लॉस वन’ या खुल्या नियतकालिकात आहे. वर्गणी नाही, लॉगिन नाही. नंदुरबारच्या कॉलेजातल्या मुलीला आणि केंब्रिजच्या प्राध्यापकाला तो एकाच वेळी, सारखाच वाचता येतो.

९. राजवाड्यांचा ‘ओपन डेटा’, १८९८

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतली, देवळांतली, अडगळीतली कागदपत्रं गोळा करायचे. वाईला मिळालेल्या पत्रांवर आधारलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. त्यांनी केवळ निष्कर्ष छापले नाहीत, मूळ पत्रं जशीच्या तशी छापली. माझं पटत नसेल तर कागद तुमच्यासमोर आहे, स्वतः वाचा, असा त्यांचा खाक्या. आजच्या भाषेत याला ‘रॉ डेटा’ खुला करणं म्हणतात. राजवाड्यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झालं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं आणि ते त्यांचा संग्रह सांभाळतं. सारंगखेड्याहून धुळ्याला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही वास्तू पाहावी. या खंडांच्या स्कॅन प्रतीही इंटरनेटवर आहेत.

१०. मोडी आली संगणकात

मोडीतली कागदपत्रं स्कॅन करणं सोपं. अवघड पुढचं: त्यातला शब्द शोधायचा कसा? त्यासाठी संगणकाला अक्षरं ओळखता यायला हवीत. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्वतःची जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या चमूने मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरं एकत्र करून खुल्या केल्या, त्यावर संगणकाला मोडी वाचायला शिकवलं. उद्या एखाद्या खानदेशी घराण्याच्या दप्तरातला ‘घोडी’, ‘पागा’, ‘दाणावैरण’ असा शब्द क्षणात शोधता येईल. त्यासाठी आधी ते दप्तर ट्रंकेतून बाहेर निघून स्कॅन व्हायला हवं!

११. अजिंठा दोनदा जळालं, लंडनमध्ये

मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या. १८६६ मध्ये आग लागली आणि बहुतेक सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये तिथेही आग! अनेक चित्रं पुन्हा जळाली. वाचलेल्या प्रतिकृती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांची छायाचित्रं संग्रहालयाच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येतात. भिंतीवरची मूळ चित्रं दिवसेंदिवस फिकट होत असताना दीडशे वर्षांपूर्वी ती कशी दिसत होती, हे या प्रतिकृती सांगतात.

असाच घाला २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयावर पडला. आगीनंतर विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी जगाला हाक दिली: तुम्ही तिथे काढलेले फोटो पाठवा. पर्यटकांच्या मोबाइलमधली छायाचित्रं ही कित्येक वस्तूंची शिल्लक राहिलेली आठवण ठरली.

१२. स्मारकं हरवतात, तीही राष्ट्रीय!

२०१३ मध्ये कॅगच्या पथकांनी देशातल्या १,६५५ संरक्षित स्मारकांची जागेवर जाऊन पाहणी केली. त्यातली ९२ सापडेनात! काही शहरांच्या वाढीत गडप झाली, काही धरणांच्या पाण्याखाली गेली, तर काहींचा जुन्या कागदावरचा पत्ताच धड नव्हता. शोध घेतल्यावर त्यातली बरीच सापडली, तरी ठावठिकाणा न लागलेल्यांच्या यादीत पुढेही पुण्यातली एक जुनी युरोपियन कबर होतीच. जुन्या यादीत ‘गावाच्या उत्तरेला, ओढ्याजवळ’ असं लिहिलेलं असतं. ओढा बुजतो, गाव वाढतं आणि वारसा बेपत्ता होतो. प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश आणि तारीख असलेला फोटो असता, तर ही वेळ आली नसती. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा अशी बॅरेजेसची रांग आहे. नदीकाठ बदलतो आहे, म्हणून इथल्या टेकाडांची, घाटांची, समाध्यांची नोंद आजच व्हायला हवी.

१३. ९०० वर्षांचं पुस्तक चालू, १५ वर्षांची डिस्क बंद

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने देशभरची जमीन-जुमला मोजून ‘डोम्सडे बुक’ लिहवलं. ते आजही वाचता येतं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी डोम्सडे लेझर डिस्कवर काढली. शाळकरी मुलांसह असंख्य लोकांनी आपापल्या गावाची माहिती दिली. जेमतेम १५ वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मीळ झाली आणि मजकूर वाचवायला खास मोहीम काढावी लागली. यातून जगाने धडा घेतला: माहिती साध्या, खुल्या फाइलमध्ये ठेवा आणि वेळोवेळी नव्या माध्यमात उतरवा. घरच्या फोटोंसाठीही नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी.

१४. संग्रहालयांनी दारं उघडली

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कुणीही कशाही वापराव्यात म्हणून खुल्या केल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये स्मिथसोनियनने एका दमात २८ लाख प्रतिमा दिल्या. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली केली आणि राष्ट्रीय संग्रहालयासारख्या संस्थांच्या वस्तू तिच्यातून ऑनलाइन आल्या. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राचं ‘इंडियन कल्चर’ पोर्टल सुरू झालं. जुनी पुस्तकं, अहवाल, गॅझेटियर, चित्रं एकाच ठिकाणी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. या यादीसाठी सादर होणारे प्रस्तावही युनेस्कोच्या संकेतस्थळावर वाचता येतात. गडावर निघण्याआधी नकाशे आणि वर्णनं चाळायला काहीच हरकत नाही!

१५. फोटो काढा, बिनधास्त

पूर्वी अनेक संरक्षित स्मारकांच्या आत कॅमेरा काढला की रखवालदाराची शिट्टी ठरलेली. जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने ही बंदी उठवली. अजिंठा लेणी, ताजमहालाचा मुख्य मकबरा आणि लेहचा राजवाडा, एवढेच अपवाद ठेवले. हे फोटो चढवायला विकिमीडिया कॉमन्स आहे. नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेली ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा पुढच्याच वर्षी जगातली सर्वांत मोठी छायाचित्र स्पर्धा म्हणून गिनीज बुकात गेली. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. आपल्या गावाचा लेख उघडून बघा. फोटो जुना किंवा अंधूक असेल, तर नवा तुम्हीच द्या.

१६. सगळंच उघडं करायचं नसतं

खजिना शोधणारे, मूर्तिचोर आणि वाळूउपसा करणारेही इंटरनेट वाचतात. म्हणून अमेरिकेतला ‘दीना’ नावाचा प्रकल्प लाखो प्राचीन स्थळांची माहिती देताना नकाशावर सुमारे २० किलोमीटरचा चौकोनच दाखवतो, नेमका बिंदू लपवतो. अभ्यासकाला काळ आणि प्रकार कळतो, चोराला पत्ता मिळत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजाचे विधी, गाणी, होळीची राजवाडी थाटाची परंपरा हा त्यांचा जिता वारसा आहे. तो कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही, हे त्यांनी ठरवायचं. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु आदिवासींच्या गरजेतून ‘मुकुर्तू’ नावाची मोफत प्रणाली घडली. तिच्यात कोणता फोटो फक्त ज्येष्ठांनी पाहावा, कोणता सगळ्या समाजाने आणि कोणता जगाने, हे समाजच ठरवतो. आदिवासींच्या माहितीवर आदिवासींचा हक्क सांगणारी ‘केअर’ तत्त्वं २०१९ मध्ये जगासमोर आली. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात ती प्रत्येक कॅमेऱ्यावाल्याला पाठ असायला हवीत. आधी विचारा, मग टिपा आणि टिपलेलं त्यांना परत दाखवा.

१७. अहिराणी आणि भिल्ली, १९०७ पासून छापील

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७ मध्ये निघाला. विषय: भिल्ली भाषा आणि खानदेशी. तेव्हाची बोली, तिचं व्याकरण, नमुने, सगळं त्यात आहे आणि शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर वाचता येतं. ग्रिअर्सनच्या कामाला जोडून भारतातल्या भाषांची ग्रामोफोन ध्वनिमुद्रणंही झाली होती. तीही तिथेच ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा आवाज कानात घुमला की अंगावर काटा येतो!

१८. घोडेबाजारातली विद्या कोण लिहिणार?

आता या यादीतली सर्वांत तातडीची गोष्ट. सारंगखेड्याच्या बाजारात एखाद्या जाणत्या माणसाशेजारी दहा मिनिटं उभे राहा. तो घोडीकडे नुसती नजर टाकतो आणि बोलायला लागतो. चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. दोन रंगांचे मोठे पट्टे, म्हणजे अबलख. गुलाबी कातडीचं शुभ्र जनावर, म्हणजे नुकरा. मग मानेवरचे, छातीवरचे, कपाळावरचे भोवरे बोटाने दाखवतो: हा शुभ, हा टाळायचा. तोंड उघडून दातांवरून वय सांगतो. मग घोडी चालवून बघतो, रेवाल चाल खरी आहे की कच्ची, ते टापांच्या आवाजावरून ओळखतो. मारवाडी आणि काठेवाडीतला फरक तो कानांच्या टोकांवरून सांगतो.

ही विद्या फार जुनी आहे. शालिहोत्राच्या नावाने चालणारी अश्वशास्त्राची परंपरा संस्कृतात आहे. तंजावरच्या मराठी राजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावरचं ‘अश्वशास्त्र’ १९५२ मध्ये छापलं. पण बाजारातल्या माणसाच्या तोंडची विद्या अजून बरीचशी तोंडीच आहे. भोवऱ्यांची नावं, रंगांची नावं, चालींची नावं, साज घडवणाऱ्यांचे टाके, नाल ठोकणाऱ्यांची हत्यारं, दलालांची सौद्याची भाषा. यातला प्रत्येक शब्द हा सांस्कृतिक वारशाचा डेटा आहे आणि तो सांगणारी माणसं म्हातारी होत आहेत. प्रकाशाच्या खापरांना थापर भेटले. वाईच्या पत्रांना राजवाडे भेटले. घोडेबाजाराला आपण भेटायचं आहे.

तर या वर्षी यात्रेला येणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः शहादा, दोंडाईचा, नंदुरबारच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना आणि त्यांच्या प्राध्यापकांना आग्रहाची विनंती. दर्शन घ्या, जत्रेत मजा करा आणि एक तास या कामाला द्या. एका जाणत्या माणसाची परवानगी घेऊन त्याचं बोलणं रेकॉर्ड करा. घोड्याचा, साजाचा, भोवऱ्याचा फोटो काढा. प्रत्येकासोबत पाच गोष्टी लिहा: काय, कुठे, कधी, कुणी सांगितलं आणि त्याला तिथे काय म्हणतात. मराठीत, अहिराणीत, भिल्लीत, जशी ऐकली तशी लिहा. घरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ते खुल्या परवान्याखाली इंटरनेटवर चढवा आणि एक प्रत गावच्या ग्रंथालयाला द्या. दत्तजयंती दरवर्षी येईल, पण दातांवरून वय सांगणारे ते आजोबा पुढच्या यात्रेला असतीलच असं नाही. म्हणून हे काम याच वर्षी करा.